गॅलरीतली माणसं

मला नाटकात एकच वाक्य होतं. डाव्या विंगेतून कंदील घेऊन यायचं, "रॉकेल संपलंय" म्हणायचं, कंदील खुंटीला अडकवायचा आणि आल्या वाटेने परत जायचं. साल १९८७, सांगलीतलं एक सभागृह, कॉलेजांच्या एकांकिकांची स्पर्धा. एकांकिका दुष्काळी गावातली. खाटेवर म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय, उशाशी त्याची मुलगी, आणि मी शेजारी. तालमीत मी ते वाक्य शंभरदा तरी म्हटलं असेन. "सर, इथे अजून एखादं वाक्य टाकू का?" असं एकदा विचारूनही पाहिलं होतं. सर म्हणाले, "तू कंदील पाडू नकोस, एवढं बघ."

स्पर्धेच्या दिवशी खालच्या खुर्च्यांवर परीक्षक, प्राध्यापक, पालक अशी सभ्य मंडळी होती. वरची गॅलरी पोरांनी खचाखच भरलेली. आमच्या आधीची एकांकिका त्यांनी शिट्ट्या मारून आणि खोटं खोटं खोकून पाडली होती. आमची सुरू झाली, दहा मिनिटं बरी गेली, मग वर चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात माझी एंट्री. "रॉकेल संपलंय," मी म्हणालो. काहीच नाही. कोणीतरी जांभई दिली, तीही आवाज काढून. आणि मग माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे. खाटेवर कंदील धरून मी म्हणालो, "म्हाताऱ्याला एक तारखेपर्यंत तेवढं धरून ठेव बाई. कार्डावर नाव हाय त्याचं."

आज हे समजावून सांगावं लागतं. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळायचं, कार्डावरची माणसं मोजून. डबा घेऊन त्या रांगेत कधीच उभं राहिलं नाही असं घर त्या सभागृहात क्वचितच असेल.

गॅलरी फुटली. शिट्ट्या, बाकांवर थापा, "वन्समोअर!" परीक्षकांच्या रांगेतही एकाने तोंडाला रुमाल लावलेला मी पाहिला. लाफ्टर मिळाल्यावर मी निघून जायला हवं होतं. गेलो नाही. मान वर करून गॅलरीकडे पाहिलं, कंदील पुन्हा म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेला आणि बोटांवर दिवस मोजले. दुसरा लाफ्टर पहिल्याहून मोठा होता. त्या गदारोळात डोळ्याच्या कोपऱ्यातून मला एवढंच दिसलं, की मुलगी उठून उभी राहिली आहे आणि तिचे ओठ हलताहेत.

तिचं ते वाक्य म्हणजे एकांकिकेचा सगळा जीव होता. त्यानंतर ती घर सोडून जाते, आणि का जाते ते त्या एका वाक्यात होतं. ते कोणालाही ऐकू गेलं नाही. एकांकिकेला काही मिळालं नाही. मला अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते आईने फ्रेम करून बरीच वर्षं भिंतीवर लावलं होतं, हेही सांगून टाकतो.

निकालानंतर परीक्षक पोरांशी बोलायला बसले. एक जण म्हणाले, मुलगी शेवटी निघून का गेली तेच कळलं नाही. दुसरे, जरा वयस्कर, इंग्रजी शिकवत असावेत असा एकंदर थाट, माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही. तुम्ही गॅलरीला खेळलात."

मला वाटलं, कौतुक करताहेत. खरंच तर होतं, गॅलरीकडे बघूनच खेळलो होतो. पण त्यांचा सूर कौतुकाचा नव्हता, आणि घरी जाताना ते वाक्य डोक्यात उलटसुलट फिरत राहिलं. मराठी माणसाला गॅलरी म्हणजे काय? जिथे कपडे वाळत घालतात, कुंडीत तुळस लावतात, खालच्या भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस करतात ती जागा. माझ्या डोळ्यांसमोर गिरगावातल्या आत्याच्या चाळीची लाकडी गॅलरी आली, कठड्याला टेकून उभी असलेली आत्या आली, आणि त्या बिचारीला खेळण्यात वाईट ते काय, हे मला उमगेना. मग कॉलेजच्या लायब्ररीत जाडा शब्दकोश काढला. 'प्लेइंग टू द गॅलरी' हा वाक्प्रचार सापडला. नाटकगृहातल्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त जागांवर बसलेल्यांची वाहवा मिळवण्यासाठी भडक खेळणं. त्यावरून, सवंग लोकप्रियतेसाठी काहीही करणं. मी वाचलं, कान गरम झाले, शब्दकोश जागेवर ठेवला.

त्यानंतर हा वाक्प्रचार माझ्या मागेच लागला. कुठे दिसला की थांबतो. पुढाऱ्यांच्या भाषणांबद्दल तो सर्रास वापरतात, क्रिकेटमध्ये तर रोजचाच. पण मला त्यात खटकत राहिली ती गॅलरी. भडक खेळला नट, आणि म्हणीत अडकला तो स्वस्त तिकिटाचा माणूस.

तर आधी आत्याची गॅलरी. गिरगावात चाळीच्या मधोमध चौक असायचा आणि तीन बाजूंनी मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्याला लांबलचक सामाईक गॅलरी. गणपतीत चौकात स्टेज बांधायचे. मुलं खाली सतरंजीवर, बायामाणसं आणि म्हातारे गॅलऱ्यांत. पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांचा भाव त्या दहा दिवसांत वधारायचा, कारण तिथून थेट समोर दिसायचं. आत्या पहिल्या मजल्यावर, म्हणून कधी न फिरकणारे नातेवाईक गणपतीत हमखास यायचे. कठड्यावर उशी ठेवून त्यावर कोपर टेकून आत्या नाटक बघायची. नट वाक्य विसरला तर वरूनच सांगायची. तिला नाटकं पाठ असायची, कारण तालमीही त्याच चौकात व्हायच्या.

पुढे वाचताना कळलं की लंडनमध्ये नाटक आधी बऱ्याच अंशी अशाच चौकांत वाढलं. सोळाव्या शतकात प्रवाशांच्या सराया असत, मधे घोडागाड्या उभ्या करायला अंगण आणि भोवती मजल्यांवर लाकडी गॅलऱ्या. नाटकमंडळी अंगणात फळ्या टाकून खेळ करायची. तसल्या सराईचा एक तुकडा लंडनच्या सदर्क भागात 'जॉर्ज इन' म्हणून अजून उभा आहे. सध्याची इमारत सतराव्या शतकातली आहे, पण गॅलऱ्यांचे फोटो पाहिल्यावर मला कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल तेवढा कमी वाटला. नंतर खास नाटकासाठी थिएटरं बांधली तेव्हा त्यांनीही तोच आराखडा उचलला: मधे उघडं अंगण, भोवती गॅलऱ्या. १५९९ साली थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी लंडनला आला होता. त्याने भाव लिहून ठेवलेत. अंगणात उभं राहायचं असेल तर एक पेनी. बसायचं असेल तर आत जाऊन आणखी एक पेनी. आणि उशी हवी असेल, सगळ्यात चांगली जागा हवी असेल, तर तिसरी पेनी.

उशी! आत्याची पहिल्या मजल्यावरची उशी ती हीच.

म्हणजे शेक्सपिअरच्या काळात गॅलरी ही पैसेवाल्यांची जागा होती. स्वस्तातला माणूस खाली, उन्हापावसात, पायांवर उभा. शिवीही त्यालाच होती. 'हॅम्लेट'मध्ये राजपुत्र नटांना उपदेश करतो तेव्हा त्याचा राग अंगणात उभं राहणाऱ्यांचे कान फाडणाऱ्या नटांवर आहे. पण मला त्यापुढचा भाग जास्त लागला. तो म्हणतो, विदूषकांना ताकीद द्या, लिहून दिलंय त्यापेक्षा एक अक्षर जास्त बोलायचं नाही. काही विदूषक स्वतःच आधी हसतात, म्हणजे बाकीचे बावळट प्रेक्षकही हसावेत, आणि नेमका तेव्हाच नाटकातला महत्त्वाचा मुद्दा चाललेला असतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझा कंदील बघितला होता.

अभ्यासक असा तर्क करतात की हा टोला शेक्सपिअरच्या मंडळीतल्या विल केम्प या गाजलेल्या विदूषकाला असावा. तो १५९९ च्या सुमारास मंडळी सोडून गेला आणि पुढच्या वर्षी लंडनपासून नॉर्विचपर्यंत नाचत गेला. खरोखरच नाचत, रस्त्याने, लोक बघायला जमताहेत, असा. मंडळींतून बाहेर पडलेल्या नटाने काय करावं, तर हे. त्याच्याबद्दल मला एक चोरटी आपुलकी वाटते.

मग गॅलरी स्वस्त कधी झाली? थिएटरवर छप्पर आलं आणि इमारती मोठ्या होत गेल्या तशी. श्रीमंत खालच्या आणि मधल्या बाजूंच्या बॉक्समध्ये बसू लागले, आणि नोकरचाकर, उमेदवार कारागीर, खलाशी असा सगळा लवाजमा वर, वर, अगदी छताला जाऊन टेकला. छतावर देवदेवतांची चित्रं रंगवलेली असत, म्हणून त्या जागांना 'गॉड्स' म्हणू लागले. देवांच्या शेजारी बसणारे ते देव. फ्रेंचांनी त्याच जागेला स्वर्ग म्हटलं. १७९४ साली लंडनचं ड्रुरी लेन थिएटर नव्याने बांधलं तेव्हा त्यात साडेतीन हजारांवर माणसं बसत. माईक नाही, विजेचे दिवे नाहीत. वरच्या बाकावरून नटाचा चेहरा बोराएवढा दिसत असणार. तिथपर्यंत पोचायचं तर हनुवटी वर, आवाज छातीतून आणि हातवारे खांद्यापासून. भडक खेळणं हा पुष्कळसा अंतराचा परिणाम होता. आमचे सर तालमीत काय सांगायचे? "शेवटच्या रांगेतल्या माणसाने पण तिकीट काढलंय. त्याला ऐकू गेलं पाहिजे." मग मी वर बघितलं तर चूक कशी, असा युक्तिवाद मी त्या वेळी सरांशी करून पाहिला होता. सरांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

गॅलरीतल्या माणसांना कोणी काय दाखवलं, याची एक गोष्ट मला फार आवडते. लंडनचं कॉव्हेंट गार्डन थिएटर १८०८ साली जळालं. वर्षभरात नवं उभं राहिलं आणि १८ सप्टेंबर १८०९ ला 'मॅकबेथ'ने उघडलं. बांधकामाचा खर्च काढायला व्यवस्थापनाने भाव चढवले: पिटाचं, म्हणजे स्टेजसमोरच्या खालच्या जागेचं, तिकीट साडेतीन शिलिंगांवरून चार, बॉक्सचं सहावरून सात. गॅलरीचे भाव तेवढेच ठेवले, पण गॅलरीच अशी उंच आणि उभट बांधली की मागच्यांना नटांचे फक्त पाय दिसत. कमानींच्या त्या कोंदट खोपट्यांना लोक कबुतरांची खुराडी म्हणू लागले. आपला दादरचा कबुतरखाना आठवावा. आणि मधला एक अख्खा मजला बड्या लोकांना वर्षाच्या भाड्याने खासगी बॉक्स म्हणून देऊन टाकलेला. पडदा वर गेला, जॉन फिलिप केंबल हा त्या काळचा मोठा नट आणि थिएटरचा कारभारी मॅकबेथ म्हणून समोर आला, आणि प्रेक्षकांनी त्याचा एक शब्द ऐकू येऊ दिला नाही. जुने भाव! जुने भाव! हे एक रात्र चाललं नाही. सदुसष्ट रात्री चाललं. लोक घंटा, भोंगे, फलक घेऊन यायचे, स्टेजकडे पाठ करून बसायचे, नाच करायचे. शेवटी केंबलने माफी मागितली आणि पिटाचा भाव पुन्हा साडेतीन शिलिंगांवर आला.

नाटकाचं एक वाक्य ऐकू न देण्यासाठी लोक सदुसष्ट रात्री तिकीट काढून येत होते. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं म्हणून. पण एवढी भक्ती आमच्याकडेही झाली असेल असं वाटत नाही.

प्रेक्षकाला रिझवणं हे नटाला कमीपणाचं वाटावं, ही कल्पना तशी नवीन. १७४७ साली डेव्हिड गॅरिकने ड्रुरी लेनचा कारभार हाती घेतला तेव्हा उद्घाटनाचं काव्य त्याच्या गाववाल्याने, सॅम्युअल जॉन्सनने लिहून दिलं. दोघं दहा वर्षांपूर्वी लिचफील्डहून एकत्रच लंडनला नशीब काढायला आले होते. त्यात जॉन्सन म्हणतो, नाटकाचे कायदे नाटकाचे आश्रयदाते करतात. रिझवून जगणाऱ्यांना जगायचं तर रिझवावंच लागतं. तक्रार आहे की कबुली, कळत नाही. थोडं दोन्ही असावं.

हेच आपल्याकडे बालगंधर्व तीन शब्दांत म्हणायचे. "अन्नदाते मायबाप हो!" मायबाप म्हटल्यावर वर कोण बसलंय आणि खाली कोण, हा प्रश्नच मिटतो. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी रात्री प्रयोग झाला. हे नाटक लिहिणारे खाडिलकर आमच्या सांगलीचे, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरी शाळेच्या वयापासून कानावर. लहानपणी ती ऐकून ऊर भरून यायचा. आता मुलगी वाढवून झाल्यावर ती तशी ऐकवत नाही. कोणते मायबाप अशा दिवशी गाणं मागतील? त्यांना विचारलं असतं तर त्यांनीच घरी जायला सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण तो काळ वेगळा होता आणि मी त्या घरचा नाही, तेव्हा पुढे बोलत नाही.

वन्समोअरची तर गंमतच आहे. इंग्रज माणूस पुन्हा गा म्हणून फ्रेंचमध्ये ओरडतो, 'आंकोर'. मराठी माणूस इंग्रजीत ओरडतो, 'वन्समोअर'. आपली मागणी परक्या भाषेत केली की जरा संकोच कमी होत असावा. संगीत नाटकात नायिका शोकाने व्याकूळ होऊन पद म्हणायची, वन्समोअर यायचा, ती डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून व्याकूळ व्हायची. नाटक तिथेच थांबलेलं. कोणाची तक्रार नसे, कारण त्या रात्री नाटक संपायची घाई कोणालाच नसे. तमाशात तर बैठकीतून फर्माईश आणि दौलतजादा हा खेळाचाच भाग. तिथे 'प्रेक्षकाकडे बघून खेळू नका' असं कोणी म्हणालं असतं तर फडातल्या बायांनी विचारलं असतं, "मग काय भिंतीकडं बघून?"

मराठीत या वाक्प्रचाराला जवळचे शब्द आहेत. लोकानुनय हा अग्रलेखातला. टाळीचं वाक्य, टाळीबाज हे नाटकवाल्यांचे. प्रेक्षकशरण हा समीक्षकांचा. माझा आवडता मात्र गल्लाभरू. तो अगदी बरोबर जागी बोट ठेवतो: भडक खेळ का होतो, तर गल्ला भरायला, आणि गल्ला कोणाचा, तर निर्मात्याचा. स्वस्त तिकिटाच्या माणसाला त्यात कोणी ओढत नाही. पण मराठीची फार वाहवा करायलाही नको, कारण 'पिटातला प्रेक्षक' हा शब्दही आपलाच. नाटकांची परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तो अनेक वर्षं नाक मुरडून वापरला. इंग्रजांचा गॅलरीतला माणूस आपल्याकडे येताना खाली पिटात उतरला, इतकाच काय तो फरक.

सिनेमाने तर पार उलटं केलं. आमच्याकडे यात्रेत तंबूतलं थेटर यायचं. पुढे पडद्याजवळ जमिनीवर बसायचं ते सगळ्यात स्वस्त, मागे खुर्च्या महाग. पक्क्या थेटरात बाल्कनी, म्हणजे थेट इंग्रजांच्या गॅलरीचीच जागा, ती सगळ्यात भारी. नाण्यांचा वर्षाव व्हायचा तो पुढून. मी एकदा पडद्यासमोर वाकून नाणी गोळा करणारा पोरगा बघितलाय. नायिका त्याच्या डोक्यावर नाचत होती आणि तो दहा-दहा पैसे वेचत होता. बाल्कनीतून आम्ही हसलो. आम्ही त्या दिवशी चुलत्यांबरोबर होतो, म्हणून बाल्कनीत. नाहीतर आमचीही जागा पुढेच होती.

वडिलांना नाटकाचं वेड नव्हतं, क्रिकेटचं होतं. विजय हजारे जन्माने सांगलीचे, त्यामुळे खेळावं तर हजाऱ्यांसारखं, तंत्रशुद्ध, तोंड मिटून, असं त्यांचं ठाम मत. १९७३ साली इंग्लंडविरुद्धची मुंबईची कसोटी बघायला ते गेले, उतरले अर्थात आत्याकडे. त्याआधी कानपूरच्या कसोटीत सलीम दुराणीला वगळलं होतं तेव्हा लोकांनी 'दुराणी नाही तर कसोटी नाही' असे फलक झळकवले होते. मुंबईला दुराणी परत आला आणि पहिल्या डावात ७३ धावा केल्या. पुढची गोष्ट वडील सांगायचे ती अशी: ज्या स्टँडमधून "सिक्सर! सिक्सर!" असा ओरडा व्हायचा तिकडे तो बॅटीच्या टोकाने खूण करायचा आणि चेंडू तिकडेच पाठवायचा. किती वेळा, विचारलं तर दर वेळी आकडा बदलायचा. हजाऱ्यांचा हा भक्त गॅलरीला खेळण्याची गोष्ट सांगताना खुर्चीतून अर्धा उठायचा, हात वर करून चेंडू कुठे पडला ते दाखवायचा.

आणि दोन वर्षांनी, ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या ६० षटकांत ३३४ धावा. उत्तरादाखल सुनील गावस्कर पूर्ण ६० षटकं खेळला आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ वर परत आला. भारत ३ बाद १३२. म्हणजे गॅलरीला अजिबात न खेळणं. लोक मैदानात घुसून विनवण्या करत होते म्हणे. आजतागायत ती खेळी नक्की कोणासाठी होती, हे कोणाला धड सांगता आलेलं नाही. वडील गावस्करला देव मानायचे, पण या खेळीचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे.

हे सगळं उगाळताना मी स्वतःची सोडवणूक करतोय, हे मला कळतं. गॅलरीवर माझा राग नाही. त्या पोरांना विनोद आवडला, ती हसली. आता मुलीचं वाक्य आहे, हसायचं थांबा, हे त्यांना कुठून कळणार? ते मला माहीत होतं. त्या सभागृहात ते वाक्य कधी येणार हे माहीत असलेली आम्ही चार-पाचच माणसं होतो आणि त्यांतला एक मी. प्रकाशयोजनेवाल्या मित्राने तर तिच्यावर स्पॉट टाकलाही होता. ती उजेडात उभी, बोलत होती, आणि माझा लाफ्टर तिचं वाक्य खात होता.

तिने मला त्या वेळी काहीच म्हटलं नाही. ग्रीनरूममध्ये खडूने पांढरी केलेली केसांची बट पुसत बसली होती. मी "सॉरी" म्हणालो. "झालं ते झालं," म्हणाली. नंतर ती शिक्षिका झाली, मी बँकेत लागलो, मी पुण्याला आलो. अधूनमधून भेटत राहिलो, सगळ्यांच्या लग्नाकार्यांत.

गेल्या वर्षी मिरजेला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलो. आता दोघंही निवृत्त. तिची नात मधे बसली होती. बोलता बोलता मी विषय काढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती मोठ्याने हसली. "अरे, पाठ आहे मला तुझं वाक्य," म्हणाली आणि हातातला पाण्याचा पेला कंदिलासारखा धरून जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "म्हाताऱ्याला एक तारखेपर्यंत तेवढं धरून ठेव बाई. कार्डावर नाव हाय त्याचं." बोटांवर दिवससुद्धा मोजले. नातीला रेशनकार्डाचं काही कळलं नाही, पण आजीचा आवाज ऐकून तीही हसली.

"आणि तुझं काय होतं गं?"

"माझं?"

ती थांबली. "कंदिलावरून होतं काहीतरी. उजेड शब्द होता त्यात."

"अंधार होता ना?"

"नाही रे, उजेड. बाबा, तुमच्या उजेडात... नाही. असं नव्हतं."

सरांना जाऊन आठ वर्षं झाली. संहिता त्यांच्या हस्ताक्षरात होती, कार्बन लावून काढलेल्या तीन प्रती, आणि त्या कोणाकडेच नाहीत. आम्ही दोघांनी भात संपेपर्यंत प्रयत्न केला. प्रसंग आठवत होता, आधीचं वाक्य आठवत होतं, नंतरचं संगीत आठवत होतं. बाहेर बँडवाल्यांनी जोर धरला होता. मग ती म्हणाली, "थांब, उभं राहिल्याशिवाय नाही यायचं," आणि खरंच पाटावरून उठली. एक हात खाटेच्या कठड्यावर ठेवल्यासारखा धरला, मान जराशी वळवली, अगदी तेव्हासारखी, आणि तिचे ओठ हलायला लागले.

वाढपी मठ्ठा घेऊन आला आणि तिच्यासमोर थांबून राहिला.